तारेवरचा हात पुसणाऱ्यांनो

‘नकोसा आवाज.’ दोनच शब्द, पण त्यात आरोपी ठरला, खटला संपला, शिक्षाही झाली. कुणाला नकोसा, कधीपासून नकोसा, हे विचारायची सोयच नाही. गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये पिक तारेवर आपटल्याचा जो ‘टक्’ येतो त्याला हल्ली हे नाव मिळालंय, आणि तो टक् पुसून देणाऱ्यांची दुकानं जोरात आहेत. २०२० साली आयझोटोप कंपनीनं आरएक्स ८ नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. त्यात खास गिटारसाठी एक खिडकी आहे आणि तिच्यात तीन खण. एक ॲम्प्लिफायरची घूंघूं घालवायला, दुसरा तारेवरून बोट घसरल्याची चीं घालवायला, तिसरा पिकचा. बटण फिरवा. तार शिल्लक राहते, वाजवणारा जातो.

माझं यंत्राशी भांडण नाही हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या कुणीतरी लिहील की गोदीतला हमाल यंत्राला घाबरला. यंत्राखाली मी रोज उभा असतो. माझं भांडण त्या कानाशी आहे ज्याला माणसाच्या हाताचा आवाज ऐकला की शिसारी येते.

आता वस्तू समजून घ्या. पिक म्हणजे प्लास्टिकची ती तिकोनी टिकली. सतारवाल्याची नखी, सरोदवाल्याचा जवा, त्याच जातकुळीतली. शेतातल्या पिकाशी तिचा संबंध नाही. इंग्रजीत मात्र कापूस वेचायलाही हेच क्रियापद आहे, आणि ज्यांच्या पूर्वजांकडून गुलामीत कापूस वेचून घेतला त्यांच्यातल्या एकानं ही टिकली कशी वाजवली ते पुढं सांगणारच आहे.

टिकली तारेवर चालते तेव्हा तीन वेगवेगळे आवाज होतात. पुसणारे साले तिन्ही एकाच गोणीत भरतात. पहिला भिडण्याचा. तार आधीच थरथरत असते, तिच्यावर प्लास्टिक टेकलं की ती क्षणभर मुकी होते, मग ताणली जाते, मग सुटते. टेकणं, ताणणं, सुटणं, सगळं एका सेकंदाच्या काही हजारांश भागांत उरकतं. दुसरा घासण्याचा. गिटारच्या जाड तारांवर बारीक धातूची वेटोळी गुंडाळलेली असतात. पिक तिरकं धरलं की त्याची कड त्या वेटोळ्यांवरून खरवडत जाते, फणीच्या दातांवरून नख फिरवावं तशी. तिसरा आपटण्याचा. हात जोरात असला की पिक तार सोडून खाली गिटारच्या पोटावर, त्या काळ्या पट्टीवर जाऊन आदळतं. हा तिसरा कुणालाच नको असतो, वाजवणाऱ्यालाही नाही. तो घालवा, माझी ना नाही. दुसरा कधी हवा असतो, कधी नसतो. पण पहिला? पहिला गेला की तुमच्या हातात काय उरतं?

कवी आहे म्हणून बोलण्यातलंच उदाहरण देतो. माणूस बोलतो तेव्हा स्वर लांबतात, गातात, पोकळी भरतात. व्यंजनं फक्त अडवतात, आपटतात, फुटतात. ट, च, क, स, यांचा आवाज क्षणभराचा आणि वरच्या पट्टीतला, दोन-चार हजार हर्ट्झ आणि त्याच्याही वर. पिकचा टक् राहायला तिथंच. सगळी एका चाळीतली बिऱ्हाडं. आता स्वच्छतेच्या नावाखाली माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं काढून बघा. ‘पाणी दे’ यातली व्यंजनं काढली की उरतं ‘आई ए’. किती गोड! किती मऊ! आणि माणूस तहानेनं मेला तरी कुणाला कळणार नाही त्यानं काय मागितलं ते.

हे माझं कवितेतलं फेकणं नाही. पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर नावाचा माणूस होता. १९४८ साली त्यानं घंटेचा टोला रेकॉर्ड केला आणि टोलाच कापून टाकला, नुसता मागचा निनाद ठेवला. आवाजाची पातळी सावरून घेतल्यावर घंटा घंटा राहिली नाही. फुंकून वाजवायच्या ओबोसारखी ऐकू यायला लागली. पुढं १९६४ साली अमेरिकेत सॅल्डान्हा आणि कॉर्सो या दोघांनी वाद्यांच्या सुरांची सुरुवात कापून ते संगीत शिकलेल्या लोकांना ऐकवले. ओळखण्यात लोक जास्त चुकायला लागले. म्हणजे कान वाद्याला ओळखतो त्यात पहिल्या धक्क्याचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे तर हे सांगायला प्रयोगशाळाही लागली नाही. सतारीच्या आघातांना आपण बोल म्हणतो: दा, रा, दिर. बघा, प्रत्येकात व्यंजन आहे. सतारीची नखी पुसा असं कुठल्या पंडिताला सांगायला जा, तो मैफलीतून हाकलून देईल. शाहिराच्या तुणतुण्याचा तर अर्धा जीव त्या तारेवरच्या टणक्यातच असतो.

मग गिटारवाल्याचाच हात का पुसायचा?

आता त्या माणसाची गोष्ट. जिमी नोलन. ओक्लाहोमात १९३४ साली जन्मलेला काळा माणूस. १९६५ साली तो जेम्स ब्राऊनच्या बँडमध्ये आला आणि त्याच वर्षी ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ हे गाणं झालं. रेकॉर्डिंग नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावात. नोलन काय करायचा ऐका. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवायचा, पुरती दाबायचा नाही. म्हणजे तारा अर्ध्या मुक्या. आणि उजव्या हातानं ब्रिजजवळ भराभर पिक चालवायचा. सूर नावालाच. मधूनच बोटं एकदम दाबायचा, की एक तुकडा सूर बाहेर फेकला जायचा, आणि परत खरवड. त्याला नाव पडलं ‘चिकन स्क्रॅच’. कोंबडी उकिरडा उकरते ना, तो आवाज. पुढं ज्याला फंक म्हणतात त्या सगळ्या संगीताच्या गिटारची ही शाळा. १९७९ साली शीक बँडच्या ‘गुड टाइम्स’मध्ये नाइल रॉजर्सचा उजवा हात थांबत नाही, तो त्याच वाटेवरचा. या गाण्यांत पिकचा आवाज सुरावर पडलेला कचरा नाही. तो तालाचं काम करतो, ड्रमवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. नोलनच्या ट्रॅकवर तुमचं ते तिसऱ्या खणातलं बटण शेवटपर्यंत फिरवून बघा. उकिरडा साफ, कोंबडी मेली, आणि अंडं कुठंय म्हणून विचारत बसा.

त्याच्याही मागं जाऊ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये खुर्च्या बनवणारी एक कंपनी होती, विस्कॉन्सिन चेअर कंपनी. ती ग्रामोफोनची कपाटंही बनवायची. कपाटं खपायची तर प्लेटी पाहिजेत, म्हणून तिनं पॅरामाउंट नावानं प्लेटी काढल्या. १९२० च्या दशकात काळ्यांना विकायला काळ्यांचीच गाणी. आंधळा ब्लाइंड लेमन जेफरसन, मिसिसिपीचा चार्ली पॅटन, असे एकट्यानं गिटार बडवत गाणारे लोक या खुर्चीवाल्यांनी रेकॉर्ड केले. बडवत हा शब्द मी जपून वापरतोय. पॅटन तारा खेचून सोडायचा, गिटारच्या पोटावर थापा मारायचा. १९२९ साली त्याची पहिली रेकॉर्डिंगं झाली, त्याच डिसेंबरात लेमन जेफरसन शिकागोत मेला, आणि पुढच्या मंदीत कंपनीचा प्लेटींचा धंदाही बसला. मूळ धातूचे साचे बहुतेक भंगारात गेले. आज जे ऐकतो ते लोकांच्या घरात झिजलेल्या प्लेटींवरून. आणि प्लेटी तरी कसल्या! स्वस्तातला माल, नवीकोरी प्लेटही खरखरायची. या प्लेटी लाखेच्या. जगभरच्या प्लेटींना लागणारी लाख बहुतेक हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलात पळसाच्या, कुसुमाच्या झाडावरून आदिवासींनी खरवडून काढलेली. बोटीत ती कुणाच्या तरी पाठीवरून चढली असणार. पॅटनच्या गळ्याखाली आमची लाख आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं.

१९८० च्या दशकात केंब्रिजमध्ये आणि इतरत्र जुन्या प्लेटींवरचे चर्रचट्ट आवाज कॉम्प्युटरनं काढायची विद्या तयार झाली. विद्या चांगलीच आहे. तिचं काम असं: आवाजाची रेघ बघत जायची, शेजारच्या ठिपक्यांवरून जी अपेक्षा करता येत नाही अशी एकदम उसळी आली की तो ओरखडा समजायचा, तेवढा तुकडा काढायचा आणि आजूबाजूच्या आवाजावरून अंदाज करून भोक बुजवायचं. छान. पण तारेवरचा टोला काय असतो? तोही एकदम आलेली उसळीच. यंत्राला प्लेटीवरचा ओरखडा आणि पॅटनचं बोट यांतला फरक माणसानं सांगावा लागतो. जाणकार माणूस जपून बटण फिरवतो. घाई असलेला माणूस पिळतो. मग धूळ जाते, तिच्याबरोबर बोटाची धारही जाते, आणि त्या बुजवलेल्या, गुळगुळीत, कापूस कोंबलेल्या आवाजाला पाकिटावर ‘पुनरुज्जीवित’ म्हणून छापतात. ऐकून बघा अशा सीड्या. प्लेट पाण्याखाली वाजत असल्यासारखं वाटतं.

आणि आता या धंद्याची खरी भडवेगिरी ऐका. १९९१ साली कीबोर्ड आणि कॉम्प्युटरसाठी जनरल मिडी म्हणून एक प्रमाण ठरलं. १२८ आवाजांची यादी. पियानो पहिला, असं करत १२१ व्या नंबरला काय आहे? गिटार फ्रेट नॉइज. तारेवरून बोट घसरल्याचा आवाज! माणसाच्या गिटारवरून जो पुसायचा तो कीबोर्डच्या खोट्या गिटारला चिकटवायला यादीत जागा देऊन ठेवलाय. आजही कॉम्प्युटरवर वाजवायच्या गिटारचे जे तयार संच विकतात, त्यांच्यात पिकचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं, बोटाची चीं कमी-जास्त करायचं असतं. का? तर ‘खरं’ वाटावं म्हणून. म्हणजे गिटारवाल्याला सांगायचं, बाबा, तुझा हात फार ऐकू येतो, घाण वाटतं. आणि यंत्राला सांगायचं, तुला हात नाही, हे घे, हात विकत घे. हाताचा आवाज वाईट नाहीच. फक्त तो हातवाल्याकडे असता कामा नये.

‘क्लीन’ पाहिजे, ‘प्युअर’ पाहिजे. दोस्तांनो, हे शब्द आपल्याला नवे नाहीत. विहीर प्युअर, चूल प्युअर, गाभारा प्युअर. हात लागला की बाटलं. घागर भरलेली पाहिजे, भरणारा दिसता कामा नये. गटार वाहतं पाहिजे, उतरणारा वर येता कामा नये. हेच सोवळं आता हेडफोन घालून बसलंय, एवढंच.

गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून माझ्या एका कवितेचं रेकॉर्डिंग केलं. मी बोलणार, एक जण डिमडी, एक जण गिटार. गिटारवाला दिवसा कुरिअरच्या गोण्या उचलतो, गिटार जुन्या बाजारातली. कविता क्रेनखाली उभ्या राहणाऱ्या माणसाची. क्रेनखाली माणूस कानावर जगतो. दोर ताणला की कुरकुरतो, स्लिंग बसली की एक ठराविक ठोका येतो, तो वेगळा आला की बाजूला व्हायचं. व्हायला उशीर झाला तर घरी निरोप जातो. गिटारवाल्यानं ते बरोबर पकडलं होतं. तारा मुक्या धरून तो नुसतं पिक चालवायचा, टक्-टक्-खर्र, आणि माझ्या ओळीच्या शेवटी एकदम थांबायचा. त्या थांबण्यात सगळी कविता होती. चार पाळ्यांची मजुरी मोजून आम्ही उपनगरातल्या एका स्टुडिओत गेलो. आठ दिवसांनी फाईल आली. टकटक गेलेली. मुक्या तारांवर वाजवलेलं सगळं यंत्रानं नकोसं ठरवून खाल्लेलं, मागं डिमडी आणि एक लांबट, आजारी गुणगुण. मी फोन केला. तो म्हणाला, “भावा, पिकचा नॉइज लई होता. साफ करून दिलाय, त्याचे एक्स्ट्रा पैसे पण नाही लावले. प्रोफेशनल वाटतंय बघ आता.” मी म्हटलं, कच्ची फाईल दे. म्हणाला, ती उडवली, जागा नव्हती. गिटारवाला ऐकून काहीच बोलला नाही. हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, “यात मी कुठंय?”

त्याला मी काय सांगणार होतो?

पण थांबा. आपल्यातले काही शहाणे आता टाळ्या पिटतील. म्हणतील, बरोबर आहे, सगळी खरखर राहू द्या, घाण राहू द्या, तीच आपली क्रांती. यांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. हे लोक मोबाईलवर झालेल्या रेकॉर्डिंगवर मुद्दाम प्लेटीची खोटी चर्रचर्र चढवतात आणि त्याला ‘रॉ’ म्हणतात. आळसाला विद्रोह म्हणू नका. ज्याच्या पिकचा आवाज त्याच्या मनात नसताना येतोय तो बेफिकीर आहे. आपली पोरं बेफिकीर वाजवतात म्हणून कौतुक करणं हा वरून थोपटण्याचाच एक प्रकार आहे, आणि तशी थोपटाथोपटी आपल्या कवितांच्या वाट्याला पुष्कळ आली.

वेस माँटगोमेरी बघा. इंडियानापोलिसचा, १९२३ चा जन्म, काळा, दिवसा कारखान्यात मजुरी आणि रात्री गिटार. घर लहान, भिंती पातळ, रात्री पिकनं वाजवलं की शेजारी ओरडायचे. त्यानं पिक ठेवून दिलं आणि अंगठ्याच्या मांसानं तारा छेडायला लागला. त्यातून जो गोल, उबदार आवाज निघाला त्यावर १९६० ची ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ ही प्लेट उभी आहे आणि जगातले जॅझ गिटारवाले अजून त्या अंगठ्याचा अभ्यास करतात. त्यालाही पिकचा आवाज नको होता! पण तो त्यानं स्वतःच्या हातानं घालवला, वाजवतानाच, आणि त्याच्या जागी दुसरा हात दिला. पिक गेलं, अंगठा आला, माणूस होता तिथंच राहिला. मला एवढंच म्हणायचंय की हे ठरवायचा हक्क वाजवणाऱ्याचा आहे.

तेव्हा ज्या पोरांना टकटक खरोखरच नको आहे त्यांनी ती आधी मारावी. पातळ, लवलवतं पिक जास्त फटकारतं. एक मिलिमीटरच्या आसपासचं जाड, गोल टोकाचं घ्या, कडा झिजून खरबरीत झाल्या असतील तर घासून गुळगुळीत करा. पिक तारेला सपाट लावलं तर टक् वाढतो, तिरकं धरलं तर टक् कमी होतो पण जाड तारांवर खरवड वाढते. मधला कोन तुमच्या मनगटालाच सापडेल, मला लिहून देता येत नाही. अगदी नव्या तारा जास्त चिरकतात, दोन-चार दिवस वाजवून मग रेकॉर्ड करा. माइक उजव्या हाताच्या तोंडावर रोखू नका. मान आणि पोट जुळतात तिकडं, बाराव्या फ्रेटच्या बाजूला वळवा, वीतभर ते हातभर अंतरावर, आणि दर बोटाच्या अंतरानं सरकवून ऐका. आवाज इथंच निम्मा बदलतो आणि फुकटात बदलतो. ब्रिजखालच्या पिकअपमधून थेट वायर लावली तर टोला मूळचाच टणक येतो, तो वाजवणाऱ्याचा दोष नाही.

आणि पुष्कळदा टकटक इंजिनिअरच वाढवतो हे लक्षात घ्या. वरच्या पट्ट्या उचलायच्या म्हणजे ‘चमक’ येते. वर कॉम्प्रेसर लावायचा, तोही असा की पहिला धक्का निसटून जातो आणि मागचा निनाद तेवढा दाबला जातो. मग धक्का उघडा पडतो, टोचतो. नंतर हाच पठ्ठ्या म्हणतो, तुझ्या पिकचा फार नॉइज आहे रे! आधी त्याला त्या दोन वस्तू बंद करायला लावा, मग ऐका. तरीही एखाद-दुसरा टोला खरोखर कानात घुसत असेल तर तेवढाच टोला शोधून, तेवढ्याच काही हजारांश सेकंदांपुरता तीन-चार डेसिबल खाली आणता येतो. बसून, एकेक. यात वेळ जातो. बटण आहे ते वेळ वाचवायला, आणि वेळ वाचतो त्याचा.

स्टुडिओत पाय ठेवताना पेन ड्राईव्ह घेऊन जा आणि त्याच दिवशी कच्ची फाईल भरून आणा, त्याशिवाय पैसे पुरे देऊ नका. ‘नंतर पाठवतो’ चालणार नाही. साफ केलेली फाईल आली की दोन्ही कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावा, सुरुवात तंतोतंत जुळवा, आवाजाची पातळी सारखी करा, आणि एकीची फेज उलटी करून दोन्ही एकदम वाजवा. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं. दोन्हीत जे सारखं ते एकमेकांना मारतं, जे काढलं तेवढंच ऐकू येतं. गिटारवाल्याला शेजारी बसवा. नुसती खरखर ऐकू आली तर उरलेले पैसे देऊन टाका. ताल ऐकू आला तर फाईल परत पाठवा आणि त्याला लिहा, यातलं काय काढायचं ते वाजवणाऱ्याला विचारून कळवतो.